शिकवणाऱ्यांची शाळा

रत्नागिरी, प्रतिनिधी : प्राथमिक शाळेत शिकवायचे असेल तर डी.एड. लागते, माध्यमिक शाळेत शिकवायचे असेल तर बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी मात्र अशी कोणतीही अध्यापन पदविका वा पदवी लागत नाही. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि त्यासोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. एवढ्या शिदोरीवर तरुण उमेदवार सहायक प्राध्यापक होतो आणि पहिल्याच दिवशी शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गासमोर उभा राहतो. विषय त्याला येत असतो. तो विषय दुसऱ्याला कसा यावा, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. आपल्याला ज्यांनी शिकवले त्यांच्यापैकी जे आवडले त्यांचे अनुकरण आणि जे आवडले नाहीत त्यांचे विस्मरण, एवढीच त्याची पूर्वतयारी असते.

ही उणीव भरून काढण्यासाठी देशात गेली चार दशके एक व्यवस्था उभी आहे. तिची नावे बदलली, नियम बदलले, माध्यम बदलले. रत्नागिरीसारख्या, विद्यापीठाच्या मुख्य परिसरापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर असलेल्या जिल्ह्यातील अध्यापकांच्या दृष्टीने या व्यवस्थेचा अर्थ मुंबई-पुण्यातील अध्यापकांपेक्षा निराळा राहिला आहे. तिचा इतिहास, कार्यपद्धती, नियम आणि मर्यादा यांचा हा आढावा.

अध्यापकांची भूमी

महाविद्यालयीन अध्यापनाचे कोकणाशी असलेले नाते जुने आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेले गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. तेथे जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर तेवीस वर्षांनी, १८५७ मध्ये झाली. दापोली तालुक्यातील मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९१ ते १९१४ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. त्याच तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले.

या पिढ्यांपैकी कोणीही अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले नव्हते. त्या काळी महाविद्यालयात येणारे विद्यार्थीही मोजके आणि निवडक असत. व्यासंग असला की अध्यापन आपोआप जमते, ही समजूत त्या परिस्थितीत खपून गेली. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, म्हणजे आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय, १९४५ मध्ये सुरू झाले. पुढच्या काही दशकांत चिपळूण, खेड, दापोली, देवरुख, राजापूर, लांजा, गुहागर, मंडणगड अशा तालुक्यांच्या ठिकाणी महाविद्यालये निघाली. घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी वर्गात आला आणि केवळ व्यासंगावर भागेनासे झाले.

कोठारी आयोग ते स्टाफ कॉलेज

महाविद्यालयीन अध्यापकांनाही उद्बोधनाची गरज आहे, हा विचार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात स्पष्टपणे मांडला. नव्याने रुजू झालेल्या अधिव्याख्यात्यांसाठी नियमित वर्ग घ्यावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमस्वरूपी स्टाफ कॉलेज असावे, अशी सूचना त्यात होती. सत्तरच्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्या महाविद्यालयीन अध्यापनात सुधारणा घडवण्यासाठी काही कार्यक्रम राबवले. उन्हाळी संस्था, चर्चासत्रे भरत राहिली. मात्र कायमची यंत्रणा उभी राहण्यास आणखी दोन दशके जावी लागली.

१९८३ मध्ये प्रा. रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातील अध्यापकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला. त्याच्या अहवालानंतर १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. त्याच सुमारास अध्यापकांच्या वेतनश्रेणी सुधारण्यात आल्या. या तिन्हींच्या संगमातून १९८७ मध्ये ‘अॅकॅडमिक स्टाफ कॉलेज’ची योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात देशभरात ४८ विद्यापीठांत अशी केंद्रे मंजूर झाली. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि शेजारच्या गोवा विद्यापीठातही ही केंद्रे उभी राहिली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यातील अध्यापकांसाठी ‘स्टाफ कॉलेजला जाणे’ याचा अर्थ प्रामुख्याने कलिना येथील विद्यानगरी परिसरात जाणे असा झाला.

२०१५ मध्ये या केंद्रांचे नामकरण ‘मानव संसाधन विकास केंद्र’ असे झाले. २०२३ पासून ती ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र’ म्हणून ओळखली जातात. महाविद्यालयांच्या अध्यापक कक्षात मात्र आजही ‘ओरिएंटेशन’ आणि ‘रिफ्रेशर’ हेच दोन शब्द रूढ आहेत.

चार आठवड्यांत काय शिकवतात?

स्टाफ कॉलेजांनी घालून दिलेल्या पद्धतीत उद्बोधन वर्ग, म्हणजे ओरिएंटेशन, चार आठवड्यांचा असे. दररोज सहा तास याप्रमाणे २४ कामकाजाचे दिवस, एकूण १४४ तास. विषयाची उजळणी करून देणारा रिफ्रेशर वर्ग तीन आठवड्यांचा, १८ दिवसांचा आणि १०८ तासांचा असे.

उद्बोधन वर्गाचे चार भाग ठरलेले होते. समाज, पर्यावरण, विकास आणि शिक्षण यांचा परस्परसंबंध हा पहिला. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, भारतीय शिक्षणव्यवस्था आणि अध्यापनशास्त्र हा दुसरा. ज्ञानाची साधने आणि ज्ञाननिर्मिती हा तिसरा, तर व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास हा चौथा. वेगवेगळ्या विषयांचे अध्यापक एकाच वर्गात बसतात, हे या वर्गाचे वैशिष्ट्य. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापिकेशेजारी लेखाशास्त्राचा आणि त्याच्याशेजारी मराठीचा अध्यापक असतो. स्वतःच्या महाविद्यालयात वर्षानुवर्षे एका छताखाली राहूनही जे संवाद होत नाहीत, ते येथे चहाच्या सुटीत होतात.

वर्गाचा सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे सूक्ष्म अध्यापन. अध्यापकाने आपल्या विषयातील एक छोटा मुद्दा पाच-दहा मिनिटांत सहकाऱ्यांसमोर शिकवायचा, त्यांनी त्यावर मोकळेपणाने अभिप्राय द्यायचा आणि त्यानुसार तोच पाठ पुन्हा घ्यायचा, अशी ही पद्धत आहे. फळ्याकडे तोंड करून बोलणे, एकाच रांगेकडे पाहणे, प्रश्न विचारून उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर देणे, या सवयी ज्याच्या त्याला एरवी कळत नाहीत. दहा वर्षे शिकवणाऱ्या अध्यापकालाही त्या प्रथमच लक्षात येण्याची जागा ही असते.

पदोन्नतीशी सांगड

या वर्गांना गर्दी होण्याचे दुसरेही कारण आहे. स्थाननिश्चितीसाठी ते अनिवार्य आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ वर जाण्यासाठी पीएच.डी. असल्यास चार वर्षे, एम.फिल. असल्यास पाच वर्षे आणि अन्यथा सहा वर्षे सेवा आवश्यक असते. शिवाय २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो. त्याखेरीज रिफ्रेशर, संशोधनपद्धती वर्ग, किमान एक आठवड्याचा अध्यापक विकास कार्यक्रम, प्रमाणपत्रासह पूर्ण केलेला ‘मूक’ अभ्यासक्रम किंवा स्वतः तयार केलेले ई-साहित्य, यांपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. पुढील स्तरांसाठीही अशाच अटी आहेत.

यामागचे आर्थिक गणित स्पष्ट आहे. सातव्या वेतन आयोगानुसार स्तर १० चे प्रारंभिक मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. स्तर ११ चे ६८,९०० आणि स्तर १२ चे ७९,८०० रुपये आहे. सहयोगी प्राध्यापकाचा स्तर १३-अ आहे आणि त्याचे प्रारंभिक मूळ वेतन १,३१,४०० रुपये आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१९ च्या निर्णयाने ही वेतनरचना राज्यात लागू केली. एखादा वर्ग वेळेत पूर्ण झाला नाही तर पदोन्नतीची तारीख पुढे जाते आणि त्याचा परिणाम थेट निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचतो. जागा अपुऱ्या पडल्याने अनेकांचे वर्ग राहून गेले. त्यामुळे आयोगाला वर्ग पूर्ण करण्याची मुदत वेळोवेळी वाढवून द्यावी लागली.

या सक्तीचे दोन्ही परिणाम दिसतात. सक्ती नसती तर कित्येक अध्यापक कधीच वर्गाला गेले नसते, हे खरे आहे. त्याच वेळी, प्रमाणपत्र हेच उद्दिष्ट झाल्यामुळे शिकण्याचा भाग मागे पडतो, हेही खरे आहे. स्थाननिश्चितीच्या प्रस्तावात प्रमाणपत्राची छायाप्रत जोडली जाते. वर्गाहून परतल्यावर अध्यापनात काय बदलले, याची नोंद त्या प्रस्तावात कोठेही नसते.

रत्नागिरीहून कलिनाकडे

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यापूर्वी स्टाफ कॉलेजच्या वर्गासाठी रत्नागिरीहून निघालेल्या अध्यापकासाठी रात्रीची एस.टी. आणि मुंबई-गोवा महामार्गाचे घाट हाच मार्ग होता. रेल्वेमुळे प्रवास सुकर झाला, पण मुक्कामाचा प्रश्न राहिला. तीन-चार आठवडे घर सोडून राहणे म्हणजे वसतिगृहात जागा मिळवणे किंवा मुंबईतल्या नातेवाइकांकडे उतरणे. लहान मुले असलेल्या अध्यापिकांना, घरी वृद्ध आई-वडील असलेल्यांना हे सोपे नव्हते. मंडणगड, दापोली किंवा राजापूरच्या अंतर्भागातील महाविद्यालयांत एखाद्या विषयाला एकच अध्यापक असतो. तो महिनाभर कर्तव्य रजेवर गेला की तो विषय महिनाभर बंद. त्यामुळे प्राचार्यही रजा देताना हात आखडता घेतात.

मुंबई विद्यापीठाने रत्नागिरीत मिरजोळे औद्योगिक वसाहतीत उपकेंद्र उभारले आहे. अभ्यासक्रम बदलतात तेव्हा त्या त्या विषयाची कार्यशाळा जिल्ह्यातच झाली, तर अध्यापकाचा एक दिवस खर्च होतो. तीच मुंबईत झाली तर दोन रात्री आणि तीन दिवस. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांत पसरलेले आहे. एवढ्या विस्तारात दक्षिणेकडच्या टोकाला उपकेंद्र असणे ही प्रशासकीय सोयीइतकीच शैक्षणिक गरज आहे.

भाषेचा मुद्दाही दुर्लक्षून चालणार नाही. प्रशिक्षण वर्गांचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत, क्वचित हिंदीत चालते. जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थी मराठी माध्यमातून येतात. बारावीपर्यंत विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत त्यांचा इंग्रजीशी संबंध येतो, तरी मनातल्या मनात समजून घेण्याची भाषा मराठीच राहते. अशा वर्गात दोन भाषांत कसे शिकवायचे, पारिभाषिक शब्द केव्हा इंग्रजीत ठेवायचा आणि केव्हा मराठीत उलगडायचा, हे कौशल्य कोकणातल्या प्रत्येक अध्यापकाला रोज लागते. प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात त्यासाठी वेगळा तास अभावानेच आढळतो.

पडद्यावरचे प्रशिक्षण

केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यावर अध्यापकांसाठी ‘अर्पित’ ही वार्षिक उजळणी योजना आली. त्यासाठी देशातील ७५ संस्थांना राष्ट्रीय संसाधन केंद्र म्हणून नेमण्यात आले. चाळीस तासांचा अभ्यासक्रम, त्यातील निम्मा चित्रफितींच्या स्वरूपात आणि शेवटी परीक्षा, अशी त्याची रचना होती. पदोन्नतीसाठी तो रिफ्रेशरच्या बरोबरीचा धरला गेला. मुंबईच्या आयआयटीने त्याआधीच ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाद्वारे मुक्त संगणक प्रणालींचे पाठ मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करून दिले होते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सर्वच प्रशिक्षण पडद्यावर आले. रत्नागिरीच्या अध्यापकाला प्रथमच घर न सोडता उद्बोधन वर्ग पूर्ण करता येऊ लागला. अंतराचा प्रश्न एका रात्रीत सुटला, असे वाटले. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. रायगडसोबत दापोली आणि मंडणगड तालुक्यांना त्याचा मोठा तडाखा बसला. विजेचे खांब पडले, मोबाइल मनोरे बंद झाले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापुराने वेढले. तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराला २००५ नंतर पुन्हा पुराचा फटका बसला.

या दोन वर्षांनी ऑनलाइन प्रशिक्षणाची सोय आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवून दिल्या. ज्याच्याकडे वीज आणि संपर्कजाल आहे त्याच्यासाठी कलिना जवळ आले. ज्याच्याकडे ते नाही त्याच्यासाठी ते पूर्वीपेक्षाही दूर गेले. शिवाय सूक्ष्म अध्यापन, गटचर्चा आणि चहाच्या सुटीतला संवाद या गोष्टी पडद्यावर तितक्याशा उतरत नाहीत.

प्रशिक्षणाविना बदल

प्रशिक्षण हे केवळ पदोन्नतीपुरते नसते, याचा धडा मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये घेतला. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेण्यात आला. उत्तरपत्रिकांचे स्कॅनिंग, संगणक व्यवस्था आणि अध्यापकांची सवय या सर्व आघाड्यांवर अडचणी आल्या. आपल्याला पुरेशी तयारी करून न देता ही पद्धत लादली गेली, अशी अध्यापकांची तक्रार होती. निकालासाठी देण्यात आलेली ३१ जुलैची मुदत टळली. पदव्युत्तर प्रवेशासाठी आणि परदेशी जाण्यासाठी निघालेले विद्यार्थी ताटकळले. ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी तत्कालीन कुलगुरूंना पदावरून दूर केले. या प्रकरणाची अनेक कारणे असली तरी, हजारो अध्यापकांच्या हातात नवे साधन देताना त्यांना ते वापरण्यास शिकवणे हे पहिले काम असते, ही गोष्ट त्यातून ठळक झाली.

आज तसाच मोठा बदल पुन्हा सुरू आहे. २९ जुलै २०२० रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांवर आधारित, बहुविद्याशाखीय आणि चार वर्षांपर्यंतचा पदवी अभ्यासक्रम राज्यात टप्प्याटप्प्याने लागू झाला. आधी स्वायत्त महाविद्यालयांत तो आला आणि त्यानंतर संलग्न महाविद्यालयांत. मुख्य विषयाबरोबर गौण विषय, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, आंतरवासिता अशी नवी रचना आहे. यातील कित्येक विषय अध्यापकांनी स्वतः विद्यार्थी म्हणून कधी शिकलेले नाहीत. स्वायत्त दर्जा मिळालेल्या गोगटे-जोगळेकरसारख्या महाविद्यालयात अभ्यासक्रम घडवण्याची आणि प्रश्नपत्रिका काढण्याची जबाबदारीही अध्यापकांवरच येते.

मालवीय मिशन आणि राज्याची संस्था

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाने अध्यापक आणि अध्यापनविषयक राष्ट्रीय अभियान २५ डिसेंबर २०१४ रोजी सुरू झाले होते. त्याचे नवे रूप असलेला ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम’ ५ सप्टेंबर २०२३ रोजी, शिक्षकदिनी जाहीर करण्यात आला. देशातील १११ केंद्रांमार्फत उच्च शिक्षणातील १५ लाख अध्यापकांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. बहुविद्याशाखीय शिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, शैक्षणिक नेतृत्व, उच्च शिक्षण आणि समाज, संशोधन, कौशल्य विकास, विद्यार्थ्यांमधील विविधता व समावेशक शिक्षण आणि माहिती तंत्रज्ञान, असे आठ विषय निश्चित करण्यात आले. नवागत अध्यापकांसाठी आयोगाने २०१९ मध्ये ‘गुरू-दक्षता’ या नावाने महिनाभराच्या प्रवेश प्रशिक्षणाची मार्गदर्शिकाही तयार केली होती.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ‘महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास संस्था’ स्थापन केली. पुण्यातून काम करणारी ही संस्था विविध नामांकित संस्थांच्या सहकार्याने अध्यापकांसाठी वर्ग घेते.

इतर विद्याशाखांची वाट

प्रशिक्षणाच्या वाटा सर्व विद्याशाखांत सारख्या नाहीत. अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजना आहेत. सेवेत राहून पदव्युत्तर शिक्षण वा पीएच.डी. करण्याची सोय देणारा गुणवत्ता सुधार कार्यक्रम १९७० पासून चालत आला. पश्चिम विभागासाठी भोपाळची राष्ट्रीय तांत्रिक शिक्षक प्रशिक्षण संस्था आहे. मुंबई आयआयटीने ‘दहा हजार शिक्षक’ प्रकल्पात दूरस्थ केंद्रांतून एकाच वेळी देशभरातील अभियांत्रिकी अध्यापकांच्या कार्यशाळा घेतल्या.

दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. या विद्यापीठातील आणि रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयातील अध्यापकांना भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या हिवाळी-उन्हाळी शाळा आणि हैदराबादची राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमी खुली आहे. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय अध्यापकांना वैद्यकीय शिक्षणपद्धतीचा मूलभूत वर्ग करावा लागतो आणि त्यासाठी महाविद्यालयातच वैद्यकीय शिक्षण कक्ष ठेवावा लागतो. कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांनी उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे. प्रशिक्षण बाहेरगावी नव्हे, आपल्या इमारतीत.

जे वर्गाबाहेर राहतात

या संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत मोठी फट आहे ती तासिका तत्त्वावरील अध्यापकांची. पदभरती दीर्घकाळ रखडल्याने राज्यातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार त्यांच्यावर आहे. प्रथम वर्षाचे मोठे वर्ग बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार किमान तीन शैक्षणिक सत्रे शिकवलेल्या कंत्राटी वा अंशकालीन अध्यापकांना स्टाफ कॉलेजच्या वर्गाला प्रवेश देता येत असे. व्यवहारात अडचण वेगळी आहे. तासिकेवर काम करणाऱ्याला कर्तव्य रजा नसते. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन मिळते. तीन आठवडे वर्गाला गेल्यास तीन आठवड्यांचे मानधन बुडते आणि मिळालेल्या प्रमाणपत्राचा पदोन्नतीसाठी उपयोग नसतो, कारण त्याला पदच नसते.

याचा अर्थ असा की, ज्या विद्यार्थ्याला चांगल्या अध्यापनाची सर्वाधिक गरज आहे, तो प्रथम वर्षाचा विद्यार्थी बहुधा त्या अध्यापकासमोर बसतो ज्याच्यापर्यंत प्रशिक्षण सर्वांत कमी पोहोचले आहे. दहावी-बारावीच्या निकालांत कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून सातत्याने राज्यात अव्वल राहिले आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील शाळांनी कमावलेले हे यश महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात टिकते की विरते, हे बऱ्याच अंशी त्या वर्गात उभ्या असलेल्या अध्यापकावर अवलंबून असते.

महाविद्यालयातच काय करता येईल?

जगात या प्रश्नाला दिलेले उत्तर बहुधा संस्थेच्या आतच शोधले गेले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये अध्ययन-अध्यापन संशोधनाचे केंद्र सुरू केले. अध्यापकाने बोलावले तर केंद्रातील तज्ज्ञ त्याच्या वर्गात येऊन बसतात, विद्यार्थ्यांशी बोलतात आणि केवळ त्या अध्यापकालाच अभिप्राय देतात, अशी पद्धत अशा केंद्रांतून रूढ झाली. ब्रिटनमध्ये १९९७ च्या डिअरिंग समितीने उच्च शिक्षणातील अध्यापकांना अध्यापनाचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण असावे, असा आग्रह धरला. भारतातही २०२० च्या धोरणाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अध्यापनशास्त्राचा श्रेयांक अभ्यासक्रम आवश्यक ठरवला आहे, आणि ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांनी नव्यांना मार्गदर्शन करण्यासाठी राष्ट्रीय अभियानाची कल्पना मांडली आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील महाविद्यालयांना यातील बऱ्याच गोष्टी फारशा खर्चाविना करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक नव्या अध्यापकाला, मग तो तासिकेवरचा का असेना, पहिल्या सत्रासाठी एक ज्येष्ठ मार्गदर्शक नेमणे. दोघांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसणे. सत्राच्या शेवटी नव्हे तर मध्यावर विद्यार्थ्यांना ‘काय समजले नाही’ एवढाच प्रश्न लेखी विचारणे. एका विषयाला एकच अध्यापक असेल तेथे शेजारच्या तालुक्यातील त्या विषयाच्या अध्यापकांशी मिळून तालुकावार अभ्यासगट करणे. चिपळूण, देवरुख आणि रत्नागिरी ही ठिकाणे एकमेकांपासून अर्ध्या दिवसाच्या जाण्या-येण्यात आहेत. नॅकच्या निकषांमुळे प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असतोच. अहवालांच्या फायली भरण्याइतकाच वेळ त्याने या कामाला दिला, तर कलिनाचा प्रवास टळणार नाही, पण कलिनाहून आणलेले वाया जाणार नाही.

नव्या अध्यापकांसाठी थोडक्यात

* रुजू झाल्यापासून स्थाननिश्चितीच्या सेवाकाळातच उद्बोधन वर्ग पूर्ण करावा. शेवटच्या वर्षावर ढकलू नये.
* वर्गाला अर्ज करण्यापूर्वी महाविद्यालयाचे शिफारसपत्र आणि कर्तव्य रजेची लेखी मंजुरी घ्यावी.
* ऑनलाइन वर्ग निवडताना तो आयोगाच्या नियमांत स्थाननिश्चितीसाठी ग्राह्य आहे का आणि त्याचा कालावधी पुरेसा आहे का, हे तपासावे. ‘मूक’ अभ्यासक्रमात परीक्षेसह मिळालेले प्रमाणपत्रच उपयोगी पडते.
* पावसाळ्यात वीज आणि संपर्कजालाचा भरवसा नसलेल्या गावांतील अध्यापकांनी शक्यतो हिवाळी वा उन्हाळी सत्रातील वर्ग निवडावेत.
* वर्गात तयार केलेले सूक्ष्म पाठ, प्रकल्प आणि टिपणे जपून ठेवावीत. स्थाननिश्चितीच्या प्रस्तावाबरोबरच पुढच्या वर्षीच्या अध्यापनालाही त्यांचा उपयोग होतो.
* नियमांत बदल होत असतात. आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नेमणूक आणि पदोन्नतीच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयातून त्या वेळी लागू असलेल्या नियमांची खातरजमा करून घ्यावी.

आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित आहे. तीस वर्षांच्या सेवेत हे तास हजारोंच्या घरात जातात. त्या तुलनेत उद्बोधन वर्गाचे १४४ तास फारच थोडे आहेत. ते नीट वापरले गेले, त्यांना महाविद्यालयात सोबत मिळाली आणि ते तासिकेवरच्या अध्यापकापर्यंतही पोहोचले, तर त्यांचे मोल प्रमाणपत्राच्या कागदापेक्षा कितीतरी अधिक ठरेल. मंडणगडच्या वा राजापूरच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलीला त्या कागदाशी कर्तव्य नसते. आजचा तास आपल्याला समजला की नाही, एवढेच तिला ठाऊक असते.